अव्वाला पसंत पडेल असं घर

कोल्हापुरात भाड्यानं राहणाऱ्या माणसाला कुणी तब्येत विचारत नाही. "काय पावणं, अजून भाड्यानंच?" असं विचारतात. त्यातल्या 'अजून'वर एवढा जोर असतो, की आपण कुठल्या तरी परीक्षेला वर्षानुवर्षं बसतोय आणि दर वर्षी आपला निकाल चौकात लावला जातोय, असं वाटायला लागतं.

मी त्या 'अजून'ला सरावलो होतो. शनिवार पेठेत नजीराचाचींच्या घरी वरच्या मजल्यावर आमच्या खोल्या होत्या. मी, माझी बायको रुचिता आणि माझी आई. आईला आम्ही अव्वा म्हणतो. चाचींना भाडं वाढवायचं असलं की त्यांनाच आधी लाज वाटे. विषय काढायला म्हणून त्या जिना चढून वर येत, अव्वाबरोबर सूपभर तांदूळ निवडत आणि तशाच खाली जात. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढतो. कुठला कालवा कुठल्या शिवारातून न्यावा, हे मी टेबलावर बसून ठरवतो. माझा स्वतःचा बिछाना कुठे घालावा, हे मात्र पावसाळाभर चाचींची कौलं ठरवत. त्याचंही काही वाटत नव्हतं. माणूस सरावतो.

मग एकदा अव्वानं वरणात दोनदा मीठ घातलं. आम्ही हसलो. एकदा ती बस्तीतून, म्हणजे आमच्या जैन मंदिरातून, दर्शन घेऊन दुसऱ्याच बाईच्या चपला घालून आली. तेव्हाही हसलो, त्या चपला नव्या होत्या, म्हणून जरा जास्तच हसलो. मग एका सकाळी ती कोथिंबीर आणायला गेली आणि दुपारी चाचींचा मुलगा ख्वाजा तिला आपल्या रिक्षातून घेऊन आला. "अव्वा तिकडं दसरा चौकात हुबी हुती," तो हळू आवाजात म्हणाला, "शनिवार पेठ कुठं आली म्हणून इचारत हुती." त्या दिवशी कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी तपासलं, चित्रं दाखवून नावं विचारली, घड्याळ काढायला लावलं. मग अव्वाला बाहेर बसवून आम्हाला म्हणाले, "हे वाढत जाणार. घर बदलायचं मनात असेल तर आत्ताच बदला, नंतर नवीन जागा त्यांच्या डोक्यात शिरणार नाही. आणि खरं विचाराल तर बदलूच नका."

एका दमात बोललेल्या त्या बोलण्याचे दोन तुकडे करून आम्ही नवरा-बायकोनं वाटून घेतले. 'आत्ताच बदला' मी घेतलं, 'बदलूच नका' रुचितानं. पुढचे कित्येक महिने आम्ही आपापला तुकडा एकमेकांना वाजवून दाखवत होतो.

माझं म्हणणं साधं होतं. गावच्या, गडमुडशिंगीच्या घराची वाटणी झाली तेव्हा वडील नव्हते आणि आमच्या वाट्याला जे आलं त्याला भिंती नव्हत्या. टेम्पोत बसताना अव्वा एवढंच म्हणाली होती, "सम्मेद, एक दार आपलं असावं बाबा." त्यानंतर तिनं कधी काही मागितलं नाही. साडी नाही, गिरनारची यात्रा नाही. आपण काहीतरी मागितलं होतं, हे तिला आठवतंय तोवर मला ते द्यायचं होतं. ती विसरल्यावर दिलं, तर ते कुणाला दिलं म्हणायचं?

रुचिताचं म्हणणं त्याहून साधं होतं. "अहो, त्यांना या जिन्याच्या पायऱ्या डोळे मिटून ठाऊक आहेत. त्या कशाला काढून घ्यायच्या?"

चाचींना सांगायची मला भीती वाटत होती. शेवटी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघ की घर. बघायला काय जातंय?" मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "पन आक्काला इचारलास का?"

"अव्वासाठीच तर घेतोय चाची."

"तसं न्हवं रं. इचारलास का?"

नव्हतं विचारलं. वर गेलो. अव्वा खिडकीत बसली होती. म्हटलं, "अव्वा, आपलं घर घ्यायचं का?"

"घ्यायचं की," अव्वा म्हणाली. मग माझ्याकडे जरा काळजीनं बघत म्हणाली, "मग हे कुणाचं हाय?"

रुचितानं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. डॉक्टरांनी वाढत जाणार म्हणून सांगितलं होतंच, तेव्हा हेही मी विसरण्याच्या खाती मांडलं आणि दुसऱ्या दिवशी एजंटला फोन लावला.

घर घ्यायचं ठरलं ही बातमी आम्ही कुणालाही सांगितली नाही, त्यामुळे ती लगेच सगळ्यांना कळली. समोरच्या घरातले हंबीरराव पहिल्यांदा आले. ते एसटीतून निवृत्त झाले असले तरी त्यांचा खरा विषय महापूर. कुठल्याही कॉलनीचं नाव काढा, ते स्वतःच्या अंगावर हात ठेवून तिथं पाणी कुठवर आलं होतं ते दाखवत. "एकोनीसला हितं," म्हणून गुडघा. "एकवीसला हितं," म्हणून कंबर. एका कॉलनीचं नाव घेतल्यावर त्यांनी काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली. ती कॉलनी आम्ही सोडून दिली.

सल्ले ऐकता ऐकता मला एक गोष्ट कळली. घर घ्याच म्हणून सांगणारे सगळे भाड्यानं राहत होते आणि भाड्यासारखं सुख नाही म्हणून सांगणाऱ्यांची दोन-दोन घरं होती. ऑफिसातल्या एकानं तर मला कागदावर गणित मांडून दाखवलं, की मी भाड्यानंच राहिलो तर म्हातारपणी माझ्याजवळ एवढा पैसा साठेल, की त्यात एक घर येईल.

एजंटचं नाव बाळासो. पांढरा शर्ट, दोन फोन, आणि कुठलंही अंतर "हितनं पाच मिन्टं" असं सांगायची सवय. दीड तासावरच्या गारगोटीला घर दाखवलं असतं तरी ते त्याच्या हिशेबी बिंदू चौकातून पाच मिनिटांवर असतं. त्याच्यापुढे आमची अडचण अशी होती, की आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात. मी ऑफिसपायी ते कधी पाळतो, कधी नाही. अव्वानं जन्मात कधी चुकवलं नव्हतं. बाकी सगळं हातातून सुटत चाललं होतं, पण उन्हं कलली की तिचं तिला कळे. त्यामुळे माझं ऑफिस सुटायचं आणि अव्वाचं जेवण व्हायचं, यांच्या मधल्या चिंचोळ्या बोळातून आम्हाला घर शोधायचं होतं. थंडीच्या दिवसांत तर तो बोळ इतका अरुंद होई, की बाळासो "ह्यो बघा हॉल" म्हणेपर्यंत अव्वा म्हणे, "चला, दिस गेला." मग बेडरूम न बघताच आम्ही परत.

रुचितानं यावर डबा न्यायचा उपाय काढला. तो पहिल्यांदा उघडला गेला एका मोठ्या बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये. सॅम्पल फ्लॅट हा देवादिकांच्या घरासारखा असतो: तिथं कुणी जेवत नाही, कुणी म्हातारं होत नाही. काचेच्या वाडग्यात प्लास्टिकचे आंबे होते, भिंतीवर पुठ्ठ्याचा टीव्ही होता आणि पलंगावर चादर अशी ताणलेली, की तिच्यावरून नजरसुद्धा घसरावी. अव्वानं सगळं फिरून बघितलं. मग ती स्वयंपाकघरात खाली बसली, डबा सोडला आणि भाकरी मोडायला लागली. दाखवायला उभी असलेली मुलगी धावत आली. "आजी, इथं जेवायला अलाऊड नाही."

"जेवायला न्हाय तर सैपाकघर कशाला काढलंय?" अव्वानं विचारलं. "ये, बस. तुझं त्वांड सुकलंय. सकाळी काय खाल्लंयस का?"

मुलीनं दाराकडे बघितलं, साहेब नाहीत असं बघून ती उंच टाचांच्या सँडल काढून शेजारी बसली आणि तिनं दोडक्याच्या भाजीबरोबर अर्धी भाकरी खाल्ली. जेवण झाल्यावर अव्वानं निकाल दिला. "ह्योच घ्या. पसंत हाय. आंबं बी हायत."

"आजी, हा सॅम्पल आहे. हा विकायचा नसतो."

"मग दावतायसा कशाला?"

मुलीनं सँडल पायात घातल्या. पुढचा आठवडाभर अव्वा, आंब्याच्या घराचं काय झालं, म्हणून विचारत होती, आणि मी पहिल्यांदाच तिनं काहीतरी विसरावं म्हणून वाट बघत होतो. ते मात्र तिनं चांगलं लक्षात ठेवलं.

दुसरी अडचण बाळासोला त्याच्या उभ्या धंद्यात कधी आली नव्हती. अव्वाला घराच्या आधी शेजार बघायचा असे. कुलूप उघडून बाळासो "या, या" करत आत जाई आणि अव्वा समोरच्या फ्लॅटची कडी वाजवत असे. "आवो आजी, घर हिकडं हाय!" "घर कुठं पळतंय व्हय? मानूस तर बघू दे." एका ठिकाणी दाराला बोलती घंटा होती. अव्वानं दार वाजवल्याबरोबर चौकटीतून आवाज आला, "कोण पाहिजे?" अव्वानं आवाजाचं तोंड शोधलं, ते सापडेना, तेव्हा तिनं घंटेलाच हात जोडून 'जय जिनेंद्र' केला. आतून कुणी आलं नाही. जिना उतरताना ती म्हणाली, "दाराला वाचा दिली आन् मानसाची काढून घेतली."

मग बाळासोनं एक दिवस मिशीत हसत एक सोसायटी दाखवली. "सायेब, ही खास तुमच्यासाठी राखून ठेवलीया. समदी आपली मानसं. अंडंसुदिक गेटच्या आत येत न्हाय. कुनालाबी घर देत न्हाईत हितं." फ्लॅट सुरेख होता. वारा होता, उजेड होता, खाली बाग होती. हंबीररावांच्या अंगावर कुठेही पाणी आलं नव्हतं. मी मनातल्या मनात पडदेसुद्धा लावले.

अव्वानं विचारलं, "हितं नजीरा आली तर वर सोडत्याल न्हवं?"

बाळासोनं फोन काढला आणि कुणाचा तरी न आलेला फोन उचलला. अव्वा आपली पिशवी उचलून म्हणाली, "चल सम्मेद. लई लांब हाय हे." ते खरं म्हणजे आमच्या घरापासून पाच मिनिटांवर होतं, बाळासोच्या हिशेबानं नव्हे, खरोखरच.

असं करता करता उन्हाळा आला, दिवस मोठे झाले आणि एका संध्याकाळी, ऊन भरपूर शिल्लक असताना, अव्वानं एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर समोरची कडी वाजवली. दार उघडलं. आत क्रांती नावाची शिक्षिका होती. दोन्ही हातांना कणीक. तिनं कोपरानंच दार लोटून धरलं आणि आम्ही कोण, कुठले, काही न विचारता म्हणाली, "या की आत, बसा. पाणी घेताय न्हवं? हात धुते, आलेच."

अव्वा आत गेली ती तासभर बाहेर आलीच नाही. मी आणि बाळासो समोरचा रिकामा फ्लॅट बघत उभे. तिच्या हसण्याचा आवाज येत होता. तसं ती कित्येक दिवसांत हसली नव्हती. बाहेर आली ती म्हणाली, "घे हेच."

"अगं, पण तू आतून बघितलं कुठं?"

"काय बघायचं? चार भिती असत्याल की."

चार भिंती होत्या, हे खरं. त्यातली एक ओलसर होती, स्वयंपाकघराची खिडकी नेमकी एका तालीम मंडळाच्या लाऊडस्पीकरसमोर होती आणि हॉलवर पश्चिमेचं ऊन असं पडे, की पापड वाळावेत. मी नकाशे काढणारा माणूस. मला हे सगळं दिसत होतं. पण तिच्या हसण्याचा आवाज मी ऐकला होता. रुचिता एवढंच म्हणाली, "एकदा नीट विचार करा. भाड्याचं घर सोडता येतं. हे सोडता येणार नाही." हंबीरराव स्कूटरवरून येऊन बिल्डिंगभोवती फिरले, वॉचमनची उलटतपासणी घेतली, भिंतीच्या तळाशी वाकून पोपडे हुंगले आणि म्हणाले, "घ्या. हितं पानी आलं तर मग कोल्हापूरच ऱ्हात न्हाय."

कर्ज मिळवताना मला कळलं, की मी अजून जिवंत आहे, मी मीच आहे, आणि माझे वडील ते माझेच वडील होते, हे तीन वेगवेगळ्या खिडक्यांवर सिद्ध करावं लागतं. त्याची तक्रार नाही. पण रजिस्ट्रेशनचा दिवस मला आठवतो. घर अव्वाच्या नावावर करायचा माझा हट्ट होता. माझं नाव तिच्या खाली. सर्व्हर बंद होता, मग सुरू झाला, मग साहेब जेवायला गेले, मग सर्व्हर जेवायला गेला. आमचा नंबर आला तेव्हा अव्वाचा अंगठा उठेना. यंत्रावर दाबला की हिरव्या दिव्याऐवजी लाल दिवा. पुन्हा लाल. रांगेतल्या सगळ्यांनी लगेच हा प्रश्न आपला करून घेतला. "आजी, क्यासावरनं अंगठा फिरवा!" "पदराला पुसा!" "फुंकर मारा जरा!" कुणीतरी कुठून तरी खोबरेल आणलं. अव्वा सगळ्यांचं ऐकून सगळं करत होती आणि यंत्र तिला ओळखत नव्हतं.

मी तिचा हात हातात घेऊन बघितला. अंगठ्यावर रेषाच नव्हत्या. शेतं भांगलून, भाकरी थापून, भांडी घासून सगळ्या गुळगुळीत झाल्या होत्या. जिनं जन्मभर दुसऱ्यांच्या घरांवर हात झिजवले, तिचं स्वतःचं घर तिच्या हातावर उठत नव्हतं.

शेवटी साहेब आले. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आजी, कशासाठी आलाय, समजतंय का?" अव्वानं पदर नीट केला. "समजतंय की. माझ्या पोराला घर न्हाय. त्येला घेतोय."

साहेबांनी दुसऱ्या बोटाचा ठसा घेतला. तो उठला.

नंतरचं सगळं घाईत झालं. जायच्या दिवशी चाचींनी खोल्या झाडल्या, खालीवर बघितलं आणि भांडण काढल्यासारख्या मला म्हणाल्या, "कुलूप घालून ठेवतो मी. दुसऱ्याला द्यायची न्हाय. मला काय पैशाची नड न्हाय." मग अव्वाच्या गळ्यात पडल्या. अव्वा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत मलाच विचारत होती, "का रडालीया ही? काय झालंय हिला?"

आम्ही राहायला गेलो तो दिवस चांगला गेला. बस्तीतले पंडित आले, पूजा झाली, अव्वानं दारात उभं राहून आल्यागेल्याला साखर दिली. फक्त समोरच्या दाराला कुलूप होतं. क्रांतीताईंची बदली गारगोटीला झाली होती. ऑर्डर आली आणि त्या रुजू झाल्यासुद्धा. महिन्याभरात तिथं एक जोडपं आलं. सकाळी दोघं बाहेर, संध्याकाळी दोघं आत. दाराला त्यांनी पहिल्यांदा काय बसवलं असेल तर बोलती घंटा.

म्हणजे बघा, वीस वर्षांचं कर्ज काढून मी एक शेजारीण विकत घेतली होती, आणि शिक्षण खात्यानं ती उचलून नेली होती.

पूजेचे पाहुणे गेल्यावर, त्या पहिल्याच संध्याकाळी, अव्वा जेवली. हात धुतले. पिशवी काखेला लावली आणि म्हणाली, "चला. झालं न्हवं सगळं? घरी जाऊ आता."

"अव्वा, हेच आपलं घर."

"असू दे की. चांगलं हाय. पन पावन्यांच्यात किती बसायचं?"

रोज. दुपारी बरी असे. उन्हं त्या पश्चिमेच्या हॉलमध्ये आली की ती पिशवी घेई आणि दारात उभी राही. मी कागद दाखवले. तिचंच नाव दाखवलं. तिनं ते बोट ठेवून वाचलं, "चांगलं नाव हाय," म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

हंबीररावांनी सांगितलं, "जाऊ म्हनत्यात तर न्या. फिरवा आन् परत आना." मग ख्वाजा रोज रिक्षा घेऊन यायला लागला. अव्वाला बसवायचा, रंकाळ्याला एक फेरी मारायचा आणि बिल्डिंगच्या दुसऱ्या गेटनं आत आणून म्हणायचा, "उतरा अव्वा, आलं घर." काही दिवस ते लागू पडलं. अव्वा उतरे, "बरं झालं बाबा, उशीर झाला असता," म्हणे आणि मुकाट झोपे. ख्वाजा भाडं घेत नसे. मी दिलं तर म्हणायचा, "अव्वाला घरी सोडायचं भाडं घेऊ व्हय?" मग एक दिवस रिक्षातून उतरायला ती तयार होईना. "हे न्हवं. मगाशी हितनंच निघालो की आपन." ख्वाजा माझ्याकडे बघायला लागला. तिचं बरोबर होतं.

तेव्हा आम्ही ठरवलं, परत जाऊ. फ्लॅट भाड्यानं देऊ आणि आपण पुन्हा चाचींकडे भाड्यानं राहू. घरमालकही आम्हीच, भाडेकरूही आम्हीच. चौकातल्या लोकांना नेमकं काय विचारावं हेच कळलं नसतं. रुचितानं एकदाही, "मी सांगत होते," म्हटलं नाही. तिनं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आधी अव्वाला नुसती घेऊन गेलो. तिनं कठड्याला हात न लावता जिना चढला, एकेक पायरी बरोबर. चाचींनी खोल्या उघडल्या होत्या, खिडकीत सूप आणि तांदूळ ठेवले होते. दोघी निवडत बसल्या. दिवस मावळायच्या आत चाचींनी खाली न शिजवता, आमच्याच जुन्या ओट्यावर, रुचिताकडून गरम भाकरी करून घेतली आणि अव्वाला वाढली. अव्वा पोटभर जेवली. मग उठली.

"नजीरा, लई गोड लागलं बघ जेवान. आता निघतो आमी. घरी वाट बघत असत्याल."

चाचींच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "आक्का, कुठल्या घरी गं?"

अव्वाला त्या प्रश्नाचं नवल वाटलं. "आपल्या," ती म्हणाली.

परतताना मिरजकर तिकटीच्या वळणावर रिक्षात रुचितानं माझा हात धरला. आमचं भांडण त्या संध्याकाळी मिटलं. दोघंही हरलो होतो.

मग आम्ही कुठेच गेलो नाही. फ्लॅटमध्येच राहिलो. पावसाळा गेला, दिवाळी गेली. आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की अव्वानं बऱ्याच दिवसांत पिशवी उचललेली नाही. ती घरात रुळल्यासारखी दिसत होती. दुधवाल्याला ओरडत होती, कुंड्या सरकवत होती, रुचिताला म्हणत होती, "माझ्या घरात असं चालायचं न्हाय." 'माझ्या घरात!' मी ते ऐकायला स्वयंपाकघरात दोनदा गेलो. हंबीररावांना फोन करून सांगितलं. डॉक्टरांचं 'आत्ताच बदला' खरं ठरलं होतं, उशिरा का होईना. त्या रात्री मी किती शांत झोपलो म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघालो. रुचिता बस्तीत गेली होती. घंटा वाजवली. अव्वानं दार उघडलं. कपाळभर पदर घेतलेला, चेहरा असा प्रसन्न, जशी ती मी लहान असताना दिवाळीला असायची. तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं.

"या पावणं," ती म्हणाली. "आत या. लाजू नका, घर आपलंच हाय."

मी चपला काढल्या. तिनं मला खुर्ची दिली, कापडातून पाणी गाळून तांब्या पुढ्यात ठेवला. मी पाणी प्यालो. ती आत गेली, ताट-पितळी मांडल्याचा आवाज आला आणि तिच्या गुणगुणण्याचा. कुठली ओवी होती कोण जाणे, मी कधी ऐकली नव्हती:

वाटंनं जाणाऱ्या, थांब रं वाटसरा,
दिस कलतीला आला, ताट वाढलंय माझ्या घरा.

मी हात धुऊन बसलो. ती वाढत होती आणि मी जेवत होतो. माझ्या ताटात तिनं न विचारता दोनदा आमटी वाढली. आमटी अळणी होती.

"कुठलं गाव पावणं?"

"गडमुडशिंगी."

"आगं बया, आमच्याच गावचं की! कुनाचं तुमी?"

वडिलांचं नाव घ्यावं असं वाटलं, पण धीर झाला नाही. मी म्हटलं, "पद्मावतीचा."

अव्वा खुदकन हसली. "बघा, माझ्याच नावाची की तुमची आई!" मग तिनं खिडकीकडे बघितलं. ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं. तिचा चेहरा एकदम काळजीत पडला. "जेवा बिगीबिगी. आन् अंधार पडायच्या आत घर गाठा. वाट बघत असंल ती. पोर घरी न्हाय आलं तर आईला घास जात न्हाय."

मी जेवलो. उठलो. आता पाहुण्यानं जायचं असतं. मी दाराबाहेर येऊन चपला घातल्या. अव्वा उंबऱ्यात उभी राहिली, आपल्या घराच्या, दाराच्या चौकटीला एक हात लावून. आमच्याकडे पाहुणा दिसेनासा होईपर्यंत दारातून हलत नाहीत.

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बटण दाबल्यावर कधीच लवकर येत नाही. सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये मी त्याबद्दल उभा राहून बोललो आहे. त्या दिवशी ती आणखी थोडी उशिरा आली असती, तरी चाललं असतं.